घोड्यांचा हरभरा

बोरदऱ्याच्या पंचफुलाबाईचा राग साऱ्या पंचक्रोशीला माहीत होता. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवाल्यानं तिच्या पिशवीत अमेरिकेतून आलेली किडकी लाल ज्वारी, मिलो, टाकली, तेव्हा तिनं ती तिथल्या तिथं त्याच्या गादीवर ओतली आणि "आधी तू खा, मी बघते," म्हणून दारातच फतकल मारून बसली. दुकानदारानं मुकाट्यानं दुसरं पोतं फोडलं, तेव्हा कुठं बाई उठली. जीपगाडी आली की रस्त्यावरचे लोक बाजूला होऊन उभे राहत. ही मात्र तशीच चालत राही आणि मागून हॉर्न वाजला की म्हणे, "वाजीव बाबा, तुझंच हाय." लोक तिला फटकळ म्हणायचे. फटकळ तर ती होतीच. पण ज्या गोष्टींवर रागवायला हवं, त्यांवर गावात दुसरं कुणी रागवतच नव्हतं, मग सगळ्यांच्या वाट्याचा राग तिच्यावर येऊन पडला होता.

जागची न हलता बाईनं तीन जिल्हे पाहिले. जन्म आणि लग्न झालं तेव्हा गाव बीदर जिल्ह्यात होतं. मग राज्यं फिरली आणि ते उस्मानाबादेत गेलं. ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला, तेव्हा लातूरला म्हणे रोषणाई झाली. बोरदऱ्यात त्या दिवशी मुलांना एकेक पेढा मिळाला, आणि त्यानंतर पावसानं जी दडी मारली ती मारलीच. संक्रांतीपर्यंत विहिरींचे तळ उघडे पडले. गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला गेली. पंचफुलाबाईचा ल्योक आणि सून त्यांच्यातच होते. घरी राहिली ती आणि सहावीत शिकणारी नात, सुकेशनी. बौद्धवाड्यातल्या चाळीस बाया रोजगार हमीच्या नालाबांधावर माती वाहत होत्या आणि साठीला टेकलेली पंचफुलाबाई त्यांच्यात सगळ्यात पुढं होती.

नवीन जिल्ह्याला नवीन उत्साह असतो. पाणी देता येत नसलं की कार्यक्रम देता येतात. गावाबाहेर, नांदेडकडं जाणाऱ्या जुन्या सडकेला, निजामाच्या काळातला डाकबंगला होता. दौऱ्यावरचे तहसीलदार, अव्वल तालुकदार म्हणजे निजामाचे कलेक्टर आणि शिकारीला आलेले गोरे साहेब तिथं उतरायचे. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर बंगल्याला कुलूप लागलं. पण आतली लांब हातांची आरामखुर्ची, छताचा दोरीनं ओढायचा पंखा, बाजूचा घोड्यांचा तबेला आणि तबेल्यातलं दगडी जातं हे सगळं जसंच्या तसं राहिलं होतं. शाळेचे मन्मथ गुरुजी नायगावकडचे, तरुण, पोरांना जीव लावणारे. पुस्तकातला इंग्रज पोरांना पाठ होता, पण आपल्याच गावातली वेठ त्यांना माहीत नव्हती, याचं गुरुजींना वाईट वाटायचं. त्यांनी ठरवलं, की पोरांना एक दिवस बंगल्यावर न्यायचं आणि तो जुना काळ त्यांच्याकडूनच जसाच्या तसा उभा करायचा. कुणी पंखा ओढील, कुणी ओझी वाहील, कुणी साहेब होऊन खुर्चीत बसेल. आपल्यावर निजामाचा अंमल होता आणि निजामावर इंग्रजांचा, हे मग सांगावंच लागणार नाही.

कल्पना चांगली होती. म्हणूनच ती पंचायत समितीचे सभापती व्यंकटराव देशमुख यांच्या कानावर गेली. व्यंकटराव गावचेच. त्यांनी लातूरच्या जिल्हा कचेरीतल्या साहेबांना बोलावणं धाडलं, मंडप सांगितला आणि गुरुजींचा कार्यक्रम बघता बघता व्यंकटरावांचा झाला.

पंचफुलाबाईला हे कळलं ते बांधावर. ग्रामसेवक सायकल दामटत आला आणि टोपलं डोक्यावर असतानाच तिला म्हणाला, "पंचफुलाबाई, गुरुवारी बंगल्यावर यायचं. जात्यावर बसायचं अन् दोन-चार ओव्या म्हणायच्या. लातूरहून साहेब येऊन राह्यलेत."

"मला कोन इचारलं?"

"सभापतींनी नाव दिलंय तुमचं. तिथं काम केलेली तुम्ही एकलीच राह्यलाव आता."

"नाव माझं, अन् देनार त्ये?"

ग्रामसेवकानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "बाई, हे बांधाचं काम सभापतींनीच मंजूर करून आणलंय. बौद्धवाड्यातल्या चाळीस बाया हायेत. जरा समजून घ्या."

टोपलं बांधावर रिकामं करून पंचफुलाबाई पुढच्या खेपेला वळली. तिच्या लहानपणी पाटलाचा माणूस असाच यायचा. "साहेब आलेत, चला," एवढंच म्हणायचा. कुणाला ताप आहे, कुणाचं पोर अंगावर पितंय, विचारायची पद्धत नव्हती. तो पायी यायचा, हा सायकलवर आला, फरक काय तो एवढाच.

संध्याकाळी घरी आली तर सुकेशनी अंगणात पाटी डोक्यावर घेऊन चालून बघत होती. "आज्जी, मला काम मिळालं बंगल्यावर! मी बिगारी. डोक्यावर भारा घेऊन साहेबाच्या दारात उभं राह्यचं. गुरुजी म्हणले, सगळ्यात अवघड काम तुझंच हाय."

"अन् साहेब कोन?"

"व्यंकटरावांचा नातू. त्याला लातूरहून टोपी आणलीय, गोल."

"कोन ठरवलं हे?"

"कुणीच न्हाई," पोरगी म्हणाली. "गुरुजींनी सांगितलं, घरी इचारून या. तुमच्या घरचे बंगल्यावर काय करायचे, तेच तुम्ही करायचं. तूच तर सांगितलं नव्हतं का मला, आमच्या घरात वेठ होती म्हणून."

पंचफुलाबाईच्या अंगाची आग झाली. पोरीनं विचारलं होतं आणि तिनं भाकरी थापता थापता खरं सांगितलं होतं. बाकीच्या पोरांनीही आपापल्या घरी विचारलं असणार. देशमुखांच्या घरात साहेबाच्या पंगतीला बसलेले निघाले, पाटलांच्या घरात पाटील निघाले, बौद्धवाड्यातल्या सात पोरांच्या घरात सात बिगारी निघाले. गुरुजींनी कुणाची जात विचारली नव्हती. त्यांनी फक्त आजोबांचं काम विचारलं होतं, आणि आपण काय केलं ते त्या भल्या माणसाच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं. इतकी वर्षं मोडायला घेतलेली उतरंड एका रात्रीत पुन्हा रचून झाली, तीही शिक्षण म्हणून!

ती तशीच शाळेवर गेली. गुरुजी ओसरीवर पुठ्ठ्याच्या तलवारी रंगवत बसले होते.

"गुर्जी, माझी नात भारा उचलनार न्हाई."

"आजी, बसा तर. अहो, मुलांना पुस्तकातून काही कळत नाही. वेठ म्हणजे काय ते त्यांना एकदा अंगानं कळू द्या."

"आमच्या अंगाला कळून राह्यलंय की, गुर्जी. आईच्या पोटातूनच कळलंय. ज्येंच्या अंगाला न्हाई कळलं, त्येंच्या डोक्यावर द्या ना भारा! व्यंकटरावाच्या नातवाला द्या. त्यो शिकंल कायतरी. माझी पोरगी त्यात काय नवं शिकनार?"

गुरुजींनी कुंचला खाली ठेवला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. माणूस खोटा नव्हता, म्हणून त्याला लागलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "चिठ्ठ्या टाकतो. साहेब कुणाच्याही वाट्याला येईल, भारा कुणाच्याही. पण आजी, तुम्ही या. तुमच्यासारखं सांगणारं दुसरं कुणी नाही."

"येते," ती म्हणाली. "पोरीच्या डोक्यावर भारा नसंल तर येते."

गुरुवारी सकाळी ती बंगल्यावर गेली आणि पहिल्यांदा तिला दिसला टँकर. बौद्धवाड्यात दर तिसऱ्या दिवशी येणारा, तासभर नळी धरून भांडायला लावणारा तोच टँकर बंगल्याच्या अंगणात सडा मारत होता. धूळ उडायला नको, साहेब येणार होते. ओल्या मातीचा वास सुटला आणि पंचफुलाबाईच्या तोंडात शिवी आली. तिनं ती गिळली.

दुसरं तिला दिसलं ते पायरीजवळ. बौद्धवाड्यातली सात पोरं ओळीनं उभी होती. दुष्काळात गवत कुठलं, म्हणून देशमुखांच्या गंजीतल्या कडब्याच्या पेंढ्या बांधून त्यांच्या डोक्यावर दिल्या होत्या. सुकेशनी तिसरी. मान ताठ, एक हात पेंढीला, डोळे समोर. व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत व्यंकटरावांचा नातू गोल टोपी घालून बसला होता आणि पाय कुठं टाकावेत ते त्याला कळत नव्हतं.

ती गुरुजींकडं वळली. गुरुजी पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, "आजी, मी चिठ्ठ्या केल्या होत्या. सभापती म्हणाले, टोपी त्या मुलाच्या मापाची आणलीय, यादी वर गेलीय, आता बदलायचं नाही. मी बोललो, पण..."

"कमी बोललाव," पंचफुलाबाई म्हणाली आणि पायरीकडं निघाली. तेवढ्यात ग्रामसेवक आडवा आला. त्यानं फक्त मंडपाच्या कडेला बसलेल्या बायांकडं मान वळवली. बांधावरच्या चाळीसही बाया तिथं आणून बसवल्या होत्या, गर्दी दिसावी म्हणून. व्यंकटराव लांबूनच म्हणाले, "पंचफुला, आधी पोरांचं होऊ दे. मग तुझं. बस तिकडं जात्यावर."

ती जात्यावर जाऊन बसली.

साहेब यायला तास लागला. तासभर सात पोरं उन्हात उभी होती. साहेब आले, हारतुरे झाले, आणि व्यंकटराव बोलायला उठले. बोलणं त्यांना छान जमायचं. "बालमित्रांनो," ते म्हणाले, "इंग्रजांनी आणि निजामानं आपल्या सगळ्यांना गुलाम केलं होतं. सारं गाव वेठ करत होतं. तुमचे-आमचे वाडवडील एकाच दुःखानं भरडले गेले." टाळ्या पडल्या. आमचे-तुमचे! पंचफुलाबाईनं जात्याचा खुंटा घट्ट धरला. देशमुखांचे वाडवडील भरडले गेले म्हणे. कशात, तर तुपात.

मग पोरांनी पंखा ओढला, सलाम केले. व्यंकटरावांनी हात केला, "आणि आता आमची पंचफुलाबाई जात्यावरच्या ओव्या म्हणणार. जुन्या काळच्या बाया वेठ करताना अशा गात होत्या बघा."

सगळ्या माना तबेल्याकडं वळल्या. पंचफुलाबाईनं मूठभर हरभरा जात्यात घातला. डोक्यावरचा पदर काढला, तोंडावर घेतला, नाकाखालून घट्ट आवळला आणि मानेमागं गाठ मारली. मग ती जातं फिरवायला लागली. हरभरा कडाकडा फुटत होता. दुसरा आवाज नव्हता. पोरं वाट बघत होती. साहेब हसून वाट बघत होते.

"अगं, ओवी म्हण की," व्यंकटराव म्हणाले.

तिनं जातं थांबवलं, पदर सोडला आणि उभी राहिली.

"पोरांनो, ओवी मी माझ्या घरी म्हनते, पहाटं, माझ्या दळनाला. हितं कुनी कवाच ओवी म्हनली न्हाई. तोंड बांधल्यावर म्हननार कशी? मी तुमच्याएवढी होते. असाच दुष्काळ होता. घरात आंबाडीचा पाला उकडून खात होतो. साहेबाची चार घोडी हितं बांधलेली आसायची, त्येंना हरभरा भरडून लागायचा. आमच्या हातचं पीठ साहेबाला चालत न्हवतं, घोड्यांना चालायचं. मी अन् माझी माय, दोघी भरडायचाव. अन् आम्ही दाना खाऊ नये म्हनून तोंडाला फडकं बांधायचे. खळ्यावर बैलाला मुसकं घालत्यात न्हाई का, तसं."

पंखा ओढणाऱ्या पोराच्या हातातून दोरी सुटली.

"एकदा मी फडकं खाली वढून मूठभर दाने तोंडात घातले. तोंड भरलेलं अन् दारात पाटील. त्यो मला शिवनार कसा? त्येला इटाळ व्हायचा. त्यो काठी घिऊन उभा राह्यला अन् माझ्या मायला म्हनला, काढ तिच्या तोंडातून. माझ्या मायनं माझ्या तोंडात बोटं घातली अन् एकेक दाना काढला. त्ये दाने घोड्याच्या तोबऱ्यात टाकले. घोड्याला इटाळ न्हाई."

आरामखुर्चीतल्या पोरानं टोपी काढून मांडीवर घेतली होती. तोच उठून म्हणाला, "कोण पाटील?"

"घरी इचार," पंचफुलाबाई म्हणाली. "तुझ्या गुर्जींनी सांगितलं न्हवतं का, घरी इचारून या म्हनून? तू अर्धंच इचारून आलास. तुझ्या आजाच्या बापाला आम्ही पाटीलच म्हनायचाव. तुझा आजा तवा अठरा-एकोनीस वर्साचा. ह्या तबेल्यात घोडं धरून उभा होता. तुम्हीच होतात ना, व्यंकटराव?"

व्यंकटरावांचा चेहरा लाल झाला आणि मग उतरला. ते साहेबांकडं पाहून म्हणाले, "काळच तसा होता. वरून हुकूम यायचा. आमच्या वडिलांच्या हातात काय होतं?"

"वरून हुकूम हरभऱ्याचा होता," पंचफुलाबाई म्हणाली. "फडक्याचा न्हवता. गोरा साहेब तर मी कवा बघितलाच न्हाई. त्येला ठावं बी न्हवतं मी हाय म्हनून. फडकं तुमच्या वाड्यातून यायचं. त्ये पोरांना सांगा. न्हाई तर ह्येंना वाटंल, इंग्रज गेला, निजाम गेला, अन् सगळं गेलं."

साहेबांना पुढचा कार्यक्रम आठवला. जीप गेली. मंडप सोडणारे आले. मन्मथ गुरुजींनी पोरांच्या डोक्यावरच्या पेंढ्या आपल्या हातानं उतरवल्या. बांधावरच्या बाया पंचफुलाबाईच्या भोवती जमल्या. एकजण म्हणाली, "माय, आज जीव गार झाला बघ. काम गेलं तर गेलं." पंचफुलाबाईला वाटलं, जवळजवळ पन्नास वर्षं छातीत अडकलेलं काहीतरी आज सुटलं. ती घराकडं निघाली ती झपाझपा.

सुकेशनी मागं होती. सडकेला लागल्यावरही ती बरोबरीला आली नाही.

"काय गं? पाय दुखून राह्यले का?"

"न्हाई."

"मग? बोलत का न्हाईस?"

पोरगी थांबली. तिच्या केसांत कडब्याचा भुसा अडकला होता आणि मानेवर लाल वळ उठला होता. "आज्जी, तुला तुझ्या मायचा राग येतो ना? तिनं दाने काढले म्हनून?"

पंचफुलाबाईला हा प्रश्न कुणीच कधी विचारला नव्हता. "येतो," ती म्हणाली. "लई येतो. पाटलाचा येतो त्याच्यापरीस जास्ती. तिनं न्हाई म्हनायला पायजे होतं."

"मी तासभर भारा घिऊन उभी होते. तू आलीस, बघितलंस, अन् जात्यावर जाऊन बसलीस. तू कामून न्हाई म्हनली न्हाईस?"

सडकेवर चिटपाखरू नव्हतं. पंचफुलाबाईच्या तोंडाशी बांध आला, चाळीस बाया आल्या, त्यांच्या चुली आल्या, ग्रामसेवकाची वळलेली मान आली. सगळं खरं होतं. तिच्या मायकडंही असंच सगळं खरं असणार, आणि ते आपण मायला एकदाही विचारलं नाही, हे तिला तिथं उभं राहून कळलं. तिला संताप आला तो व्यंकटरावाचा नाही, स्वतःचा. पोरीसमोर कारणं सांगायची तिला लाज वाटली.

"भ्याले," ती म्हणाली.

सुकेशनीनं केसांतला भुसा उपसून सडकेवर टाकला. मग ती चालायला लागली. रात्रीची भाकरी पोरीनं आजीकडं पाठ करून खाल्ली.

बांधाचं काम पंधरा दिवस बंद पडलं. मग तहसीलवर चाळीस बायांचा मोर्चा गेला आणि ते पुन्हा सुरू झालं, तो किस्सा वेगळा. मन्मथ गुरुजी मात्र दरसाल पोरांना बंगल्यावर नेत राहिले. मंडप नाही, टोपी नाही, कुणाच्या डोक्यावर पेंढी नाही. उमरीच्या, भोकरच्या शाळाही पुढं यायला लागल्या. पोरं तबेल्यात जात्याभोवती बसायची आणि पंचफुलाबाई त्यांना दोन गोष्टी सांगायची. एक तिच्या मायनं दाणे काढले ती. दुसरी, आपण भारा बघितला आणि जात्यावर जाऊन बसलो ती. पहिली ती शांतपणे सांगायची. दुसरी सांगताना तिचा आवाज इतका चढायचा की मागं बसलेली लहान पोरं दचकायची.